सगळे पाय निर्दोष

टेकडीच्या पायऱ्या अर्ध्या चढून झाल्या आणि तिचा उजवा बूट निसटला. निसटला तो निसटला, वर निर्लज्जासारखा टपटप उड्या मारत खाली निघाला. भुरभुर पाऊस, ओला दगड, एका हातात छत्री, दुसऱ्या काखेत कॉम्प्युटरची पेटी. ती बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून बुटाकडे अशी बघत होती, जणू डोळे वटारले की तो मुकाट्यानं परत येईल.

खालून एक तरुण शीळ घालत येत होता. बूट नेमका त्याच्या पायाशी येऊन थांबला. आता शहाण्या माणसानं काय करावं? उचलावा, द्यावा, आपल्या वाटेनं चालू पडावं. हा त्या बुटात डोकावला! दोन बोटं घातली आणि पुढच्या टोकाशी दडून बसलेला कापसाचा बोळा बाहेर काढला.

“डावा पाय मोठा आहे ना तुमचा?”

ना ओळख ना पाळख, आणि एकदम पायावर! तिच्या कानशिलांना चटका बसला. हे गुपित तिच्या आईखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ती डाव्या पायाच्या मापाचा जोड घ्यायची आणि उजव्यात कापूस कोंबायची. कुणापुढे पाय म्हणून काढला नव्हता.

“माझे पाय जागेवर आहेत. तुम्ही जीभ जागेवर ठेवा. बूट द्या इकडे.”

“देतो की. पण कापूस भिजलाय. घातलात तर फोड येईल.”

“आला तर माझा फोड आहे.”

“आणि हा आमच्याकडचा बूट नाही,” तो उलटापालटा करून म्हणाला. “खोक्यातला, तयार. आमचा असता तर असा पळून गेला नसता.”

“तुमच्याकडचा म्हणजे कुठला?”

त्यानं वर बोट दाखवलं. पायऱ्या संपतात तिथे एक दुकान होतं, दारावर भला मोठा लाकडी बूट टांगलेला. ती तिथेच निघाली होती. कपाळावर हात मारून घ्यावा तर हात मोकळा नव्हता, म्हणून कपाळ वाचलं.

दुकान तिच्या मावशीचं. खरं तर मावशीचा बूट बनवायचा कारखाना होता खाली, नदीकाठी. आणि गावभर तिची दुकानं होती. दुकानात पाय मोजायचे, कारखान्यात बूट शिवायचे, अशी रीत. भाचीनं कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं आणि आधीच्या दोन्ही नोकऱ्या फटकळ तोंडापायी घालवल्या होत्या. मावशीला तिच्या शिक्षणातलं काही कळत नव्हतं, पण फटकळ तोंडाची पारख चांगली होती. “घरातलंच आहे ते,” म्हणाली आणि ठेवून घेतली. कारखान्यातल्या कारागिरांनी आठवड्याच्या आत तिचं नाव ‘मास्तरीण’ पाडलं.

आणि तो पायऱ्यांवरचा आगाऊ? तो मापाडी. टेकडीच्या दुकानात गिऱ्हाइकांचे पाय मोजायचा. आजोबाही तिथल्या त्याच खुर्चीत बसून तेच करायचे. दुकानावरच्या खोलीतच त्याचा जन्म गेला होता आणि तिथेच तो अजून एकटा राहत होता.

मास्तरणीनं त्या दिवशी दुकानात नवा कॉम्प्युटर मांडला, ओला पाय खुर्चीखाली दडवला आणि त्याला समोर बसवून ऐकवलं.

“हा तक्ता. एका ओळीत एक गिऱ्हाईक. हे उभे रकाने — लांबी, रुंदी, टाच, वरचा उंचवटा, आणि शेवटी ‘दोष’. म्हणजे कुरूप, वाकडं बोट, सपाट तळवा, जे असेल ते. याची एक प्रत प्रत्येक दुकानात आणि मूळ प्रत कारखान्यात. दुपारी जेवायला दुकानं बंद झाली की सगळ्या प्रती एकमेकींशी जुळवायच्या.”

“एकच प्रत ठेवली तर?”

“तुमच्या टेकडीवर इंटरनेटची लाइन दिवसातून दहा वेळा जाते. मग गिऱ्हाइकाला काय, लाइन येईपर्यंत पाय वर करून बसवणार?”

तो हसला. हसताना त्याचा एक गालच वर जायचा, दुसरा आळशी. तिनं नजर परत तक्त्यावर आणली.

“प्रत्येक दुकानात एकेक कपाट आहे असं समजा. सगळ्या कपाटांना तेच खण, तीच नावं. एखाद्या कपाटाला खण कमी किंवा जास्त निघाला, की इकडच्या घड्या तिकडे ठेवायच्या कुठे? म्हणून माझा प्रोग्राम आधी खण ताडून बघतो. फरक दिसला तर मला विचारतो. मी ‘हो’ म्हटलं, की दुकानाचं कपाट कारखान्याच्या कपाटासारखं करून टाकतो. मगच आतलं सामान इकडचं तिकडे. तेव्हा लक्षात ठेवा — आत काय हवं ते भरा, पण खणांना हात लावायचा नाही.”

“आणि लावला तर?”

“तर मी पायऱ्या चढून येईन.”

“बूट घालून, की हातात घेऊन?”

अशा माणसाला काय बोलणार! तिनं पेटी उचलली आणि निघाली. खाली पोचल्यावर कळलं, की त्यानं उजव्या बुटात कधी कोण जाणे कोरड्या चामड्याचा तुकडा बरोबर बेतून बसवला होता. संबंध उतारावर बूट एकदाही हलला नव्हता. याचा तिला एवढा राग आला, की ती आठवडाभर तेच बूट घालून फिरली.

तिसऱ्याच दुपारी प्रोग्रामनं तक्रार केली. टेकडीच्या प्रतीत एक जादा रकाना उपटला होता, ‘चाल’. तिनं फोन उचलला.

“हे काय आहे?”

“चाल. माणूस मोजताना वेगळा उभा राहतो आणि चालताना वेगळा पडतो. कुणी टाच घासतं, कुणी आत वळतं. लिहायला जागाच नव्हती, म्हणून खण केला.”

“काढतेय मी.”

“काढा. उद्या परत करीन.”

“का?”

“तुम्ही फोन करता म्हणून.”

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी मात्र मास्तरीण जेवण आटपून, केस सारखे करून फोनपाशी येऊन बसली. फोनवर केस दिसत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. त्या दुपारी ‘बडबड’ नावाचा रकाना निघाला. त्याच्या पुढच्या दुपारी काहीच निघालं नाही, तर हिनंच फोन केला… “आज सगळं बरोबर कसं?”

मावशी पलीकडच्या टेबलावर चामडं निवडत असायची. मांडीवर सरदार — म्हणजे तिचा बोका, उशीएवढा जाड, कामाला शून्य. ती चष्म्याच्या वरून बघायची. “काय गं, तक्ते जुळतायत ना?”

“जुळतायत मावशी.”

“वाटतंय खरं.”

मावशीच्या कारखान्यात नियम एकच होता. ज्याच्या चुकीनं चुकीचा बूट शिवला गेला, त्यानं दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं नाही. सख्ख्या दिरालाही तिनं या नियमानं घरी बसवलं होतं, तिथे भाचीचा काय पाड?

आणि मग एके दिवशी टेकडीच्या दुकानात हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी ताठ. अर्ध्या टेकडीनं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नातीचा साखरपुडा होता आणि त्यांना नवा जोड हवा होता. मापाडी मोजत होता आणि कॉम्प्युटरचा चेहरा नेमका बाईंकडे. बाईंनी वाचलं — दोष: उजवा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला.

“दोष?” बाई म्हणाल्या. “या पायांवर मी उभा जन्म वर्गात उभी राहिले. तुमच्या डब्यानं बसल्या जागी दोष काढले होय रे?”

आवाज चढला असता तर परवडलं असतं. आवाज बसला. मापाड्याला गलबलून आलं. बाई गेल्या आणि त्यानं काही न विचारता रकान्याचं नाव बदललं. ‘दोष’ पुसलं, ‘खासियत’ लिहिलं. आतल्या नोंदी जशाच्या तशा, नुसती पाटी बदलली. दुपारी मास्तरणीला सांगावं, ती चिडेल, मग पटेल, असा त्याचा हिशेब.

दुपारी फोन वाजला. पण सांगायच्या आधी तिनंच सुरुवात केली.

“काल शीळ कसली घालत होता हो फोनवर?”

“तुम्ही बोलायच्या थांबता तेव्हा घालतो. रिकामं वाटतं.”

“मी थांबते कधी?”

“तेच म्हणतो. शीळ घालायला मिळत नाही.”

ती खळखळून हसली. अशी हसली की मावशीच्या मांडीवर सरदार उठून बसला आणि मावशीनं चामडं खाली ठेवलं. समोर प्रोग्राम बिचारा विचारत होता — टेकडीच्या प्रतीत ‘खासियत’ जादा आहे, आत माहिती आहे, काढू का? ‘दोष’ नाही, नवा करू का? आणि हसता हसता मास्तरणीनं ‘हो’ दाबलं.

आता यात प्रोग्रामची काय चूक? पाटी बदलली, खण तोच आहे, हे माणसाला कळतं. त्याला कळत नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की ‘दोष’ नावाचा खण हरवलाय आणि ‘खासियत’ नावाचा कुणी उपटसुंभ घुसलाय. त्यानं उपटसुंभाला आतल्या सामानासकट उकिरड्यावर टाकलं आणि ‘दोष’ नावाचा कोरा करकरीत खण बसवला. मग नेहमीसारखं सामान निघालं. टेकडीनं कारखान्याला कळवलं, की आमच्या एकाही गिऱ्हाइकाला काही दोष नाही. कारखान्यानं ताजी खबर म्हणून खरी मानली. एका दुपारीत सगळ्या टेकडीचे पाय निर्दोष झाले.

मापाडीही त्या हसण्यानं असा काही विरघळला, की पाटीचं सांगायचं विसरून गेला.

चार दिवसांनी हेडबाई थेट कारखान्यात आल्या. पायात जुना जोड, हातात नवा. तो त्यांनी मावशीच्या टेबलावर ठेवला.

“सुंदर आहे,” म्हणाल्या. “ज्याचे पाय असे असतील त्याला द्या. माझा अंगठा यात मावत नाही. साखरपुड्याला मी अनवाणी जाऊ का?”

मावशी उठली. मावशी सहसा उठत नसे. तासाभरात मापाडी टेकडी उतरून हजर झाला आणि मास्तरीण तक्ता उघडून बसली होती, चेहरा पांढराफटक. खाली, खाली, खाली, टेकडीच्या सगळ्या ओळींत ‘दोष’ कोरा.

“कुणी केलं?” मावशी.

“मी,” मापाडी म्हणाला. “पाटी मी बदलली. न विचारता.”

“काही नाही, ‘हो’ मी दाबलं,” मास्तरीण म्हणाली. “वाचलंसुद्धा नाही.”

“मी बदलली नसती तर तिनं दाबलंच नसतं.”

“तो काय वाट्टेल ते बदलेल. बघायचं काम माझं आहे ना!”

“चूक माझी आहे म्हणतोय ना मी!”

“माझ्या चुकीवर तुमचा काय हक्क हो?”

“गप्प!” मावशीनं टेबलावर हात आपटला. “बक्षीस वाटतेय का मी इथे? आधी ते कोरं झालंय ते भरून काढायचं बघा.”

मास्तरणीला एकदम आठवलं. “राखीव प्रत आहे, मावशी! दर आठवड्याला मी सगळं त्या काळ्या डिस्कवर उतरवून तुझ्या खणात ठेवते. तिच्यात सगळं —”

“डिस्क नाही,” मावशी चटकन म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. डिस्क-बिस्क नंतर बघू. पाय कुठे पळून गेलेत का? जा दोघं, टेकडीवर घरोघर फिरा आणि पुन्हा बघून या. हेडबाईंचे आधी. सगळे झाले की मला सांगायचं, कुणाची चूक. एकजण जाईल. नियम म्हणजे नियम.”

आणि ती सरदारला उचलून आत गेली. चालताना तिची मान जरा जास्तच ताठ होती.

मग सुरू झाली ती वरात! पुढे मापाडी फीत गळ्यात टाकून, मागे मास्तरीण वही घेऊन. घराघरांत तो गुडघ्यावर बसायचा, पाय तळहातावर घ्यायचा. कुणाचाही पाय असो, असा घ्यायचा की जणू झोपलेलं पाखरू. हेडबाईंच्या अंगठ्याला तर म्हणाला, “वर्गावर लक्ष ठेवायला जरा उंच बसलाय, नाही बाई?” बाई पदराआड हसल्या आणि मास्तरणीनं वहीत डोकं खुपसलं. आपले पाय तिनं नकळत खुर्चीखाली ओढून घेतले होते.

बेकरीवाल्याचे सपाट तळवे झाले, शिंपिणीची टाच झाली. एका घराच्या ओट्यावर पाऊस थांबायची वाट बघत दोघं बसली.

“मी जाणार आहे,” ती म्हणाली. “ठरलंय माझं. मला आई-बाबांचं घर आहे. शिव्या खाईन, पण जेवायला मिळेल. तुमचं काय? दुकान गेलं की खोली गेली.”

“खोली काय, दुसरी मिळेल.”

“आणि आजोबांची खुर्ची? तीही मिळेल?”

त्यानं शीळसुद्धा घातली नाही. पागोळ्यांखाली हात धरून म्हणाला, “तू गेलीस तर… दुपारी फोन कुणाचा येणार?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे दोघांनाही कळलं. दोघांनीही न कळल्याचं सोंग केलं. ओल्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, “नवीन येईल कुणी. तक्ते जुळवायला माणूस लागतोच.”

“जुळवायला कुणीही येईल. भांडायला?”

पाऊस थांबला होता. उठायचं मात्र दोघांनाही बराच वेळ सुचलं नाही.

शेवटचं घर झालं त्या संध्याकाळी दोघं कारखान्यात परतली. कारागीर घरी गेले होते. मास्तरणीनं वही टेबलावर ठेवली.

“झाले सगळे.”

“एक राहिलाय,” तो म्हणाला. “बस.”

“माझा कशाला? मी गिऱ्हाईक नाही.”

“जायचं ठरलंय ना? मग जाताना तरी धड बूट घालून जा.”

ती उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उभी राहिली. शेवटी डोळे मिटून बूट काढले. तो गुडघ्यावर बसला. डावा पाय मोजला. उजवा मोजला. पुन्हा डावा मोजला. आता डाव्याचं काम झालं होतं, तरी पाय खाली ठेवत नव्हता.

“हस,” ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. “सगळ्या गावाच्या प्रती सारख्या करते, आणि माझेच दोन पाय सारखे नाहीत.”

“सारखे कशाला हवेत?” तो पायाकडेच बघत म्हणाला. “तुझं एक पाऊल जरा मोठं पडतं, एक लहान… म्हणून तर पायऱ्यांवर तुझा आवाज मी वरून ओळखतो. सगळ्या टेकडीत असा आवाज दुसरा नाही. मला तो रोज ऐकायचा आहे. फोनवर पुरत नाही.”

तिनं डोळे उघडले. काही बोलणार — फटकळ तोंड आयुष्यात प्रथमच अडलं होतं — एवढ्यात आतून खाकरल्याचा आवाज आला. दारात मावशी. हातात काळी डिस्क.

“कोण जाणार, ठरलं का?”

“मी!” दोघंही.

“थांबा.” मावशीनं डिस्क टेबलावर ठेवली, सापाला हात लावावा तशी. “ही रिकामी आहे की भरलेली, मला काय ठाऊक! मला सरदारचे फोटो ठेवायचे होते. ही डिस्क म्हणाली जागा नाही, सगळं पुसू का. मी म्हटलं, पूस बाई. त्यात कुणाचे पाय होते हे तिनं सांगितलं का मला?”

मास्तरणीनं डिस्क लावली. सरदार झोपलेला. सरदार जांभई देताना. सरदारची पाठ. सरदारचं शेपूट, हललेलं. खाली, खाली, खाली, सरदारच सरदार.

मापाड्यानं मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीनं छताकडे. मग तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मावशी, ही डिस्क धड असती तर एकही बूट चुकीचा शिवला गेला नसता असं नाही. पण टेकडीभर फिरावं लागलं नसतं. नियम म्हणजे नियम. मग… तुम्ही कधी निघताय?”

मावशीच्या नाकपुड्या फुलल्या. दोघांना वाटलं, आता फीत गळ्याभोवती आवळली जाणार. पण मावशी मटकन खुर्चीत बसली आणि अंग गदगदा हलवत हसायला लागली.

“या वयात मी कुठे जाऊ रे, गधड्या? नियम गेला खड्ड्यात! दिरालाही उद्या बोलावून घेते, तो येऊन तरी काय दिवे लावणार आहे.” मग चष्म्याच्या वरून पाहिलं. “आणि तू तिचा पाय सोडणार आहेस, की साखरपुड्यापर्यंत धरून बसणार आहेस?”

“कुणाच्या साखरपुड्यापर्यंत?” मास्तरणीचा आवाज फुटला.

“हेडबाईंच्या नातीच्या. तुला काय वाटलं?”

तो अजून गुडघ्यावरच होता. लाल झाला, पण हटला नाही. “मला तर वेगळंच वाटलं मावशी. हिचं विचारून बघा.”

मास्तरणीनं पाय ओढून घेतला नाही. एवढं उत्तर कुणालाही पुरलं असतं. पण ती पडली मास्तरीण.

“एक अट. लग्न झालं तरी माझं नाव बदलायचं नाही. पाटी बदलली की काय होतं ते पाहिलंय ना? पुढचा समजतो जुनी गेली, नवी आली. आतलं सगळं सामान उकिरड्यावर, आणि नवी आपली कोरी करकरीत!”

“तुझ्या खणांना मी हात लावणार नाही.”

“आणि तुझ्या खणांत मी नाक खुपसणार.”

“हे कसं?”

“मूळ प्रत माझी.”

रकान्याचं नाव मात्र तिनं बदललं, सगळ्या प्रतींत एकाच दिवशी. आधी सगळीकडे ‘खासियत’ नावाचा नवा खण बसवला, मग जुन्यातलं सामान एकेक करून त्यात हलवलं, नीट पोचलं ना ते पाहिलं, आणि मगच जुना खण काढला. त्या दुपारी फोन बाजूला काढून ठेवला होता. हेडबाईंचा जोड वेळेवर गेला. साखरपुड्यात त्या अंगठा मिरवत हिंडल्या म्हणे.

पुढच्या भुरभुर पावसात मास्तरीण टेकडीच्या पायऱ्या चढत होती. पायात नवा जोड, डावा डाव्याच्या मापाचा, उजवा उजव्याच्या. कापूस नाही की काही नाही. अर्ध्या वाटेवर तो उभा होता, हात पुढे करून, तयारीत. ती त्याच्यासमोर येऊन थांबली. बूट जागच्या जागी.

“हे काय?” तो खट्टू होऊन म्हणाला. “आता मी उचलू काय?”

“जीभ जागेवर ठेव,” ती म्हणाली, “आणि ही छत्री धर. दोघांवर.”